विश्लेषण : कोरड्या डोळ्यांवर वनस्पतींचा उतारा? चिंचोका, गवार, एरंडेल, ग्रीन टी… संशोधन नेमके काय सांगते?

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, संध्याकाळपर्यंत आग होणे, मधूनच पाणी येणे अशा तक्रारी घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जाणाऱ्यांत हल्ली विशी-तिशीतले रुग्णही दिसतात. ‘ड्राय आय’ असे निदान होते, कृत्रिम अश्रूंची बाटली हाती पडते आणि त्यानंतर अनेकांचा शोध सुरू होतो तो ‘नैसर्गिक’ उपायाचा. बाजारही तयारच असतो. ग्रीन टी, हळद, सी बकथॉर्न, जवस, चिलीमधील कुठलेसे जांभळे फळ… यातील बऱ्याच वनस्पतींवर खरोखर संशोधन झाले आहे. पण प्रयोगशाळेतील पेशींना फायदा होणे आणि तुमच्या-आमच्या डोळ्यांना होणे यात बरेच अंतर आहे. हे अंतर कोणत्या वनस्पतींनी कापले, कोणत्या वाटेतच थांबल्या?

डोळे कोरडे होतात म्हणजे काय होते?

डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर कायम पसरलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी. या थरात तीन गोष्टी असतात. बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत म्युसिन, अश्रुग्रंथींतून येणारे क्षारयुक्त पाणी आणि सर्वांत वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. आपण पापणी मिटतो, उघडतो तेव्हा हा थर नव्याने सारवला जातो.

यातील पाणी कमी पडले तरी डोळे कोरडे होतात आणि तेल कमी पडले तरी होतात. दुसरा प्रकार अधिक आढळतो. तवंग विरळ झाला की पाणी भराभर उडून जाते, उरलेले अश्रू खारट होतात, त्या खारटपणामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशी दुखावतात आणि दाह सुरू होतो. दाहामुळे म्युसिन तयार करणाऱ्या पेशी मरतात, थर आणखी अस्थिर होतो. असे हे चक्र आहे. म्हणूनच २०१७ मध्ये ‘टीएफओएस ड्यूज-२’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने व्याख्या नव्याने मांडताना केवळ ‘अश्रू कमी असणे’ न म्हणता थराची अस्थिरता, अश्रूंचा वाढलेला खारटपणा, दाह आणि मज्जातंतूंतील बिघाड हे सारे त्यात घेतले.

डोळ्यांतून पाणी वाहते आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत, हे कोडे अनेकांना पडते. पृष्ठभाग कोरडा पडून टोचू लागला की मेंदू अश्रुग्रंथींना तातडीने पाणी सोडायला सांगतो. ते पाणी गालावर ओघळते. त्याला तेल आणि म्युसिनची साथ नसल्याने डोळ्यावर टिकत नाही.

हा आजार वाढतो का आहे?

मोबाइल हे एक कारण आहेच. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि जी उघडझाप होते तीही बरेचदा अर्धवट असते. त्यात वातानुकूलित खोली, दुचाकीवरचा वारा, धूळ. पण सगळा दोष पडद्यावर ढकलून चालत नाही. वाढते वय, रजोनिवृत्ती, कॉन्टॅक्ट लेन्स, लेसिक किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, ॲलर्जीच्या गोळ्या, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, काचबिंदूच्या थेंबांतील परिरक्षक रसायने अशी यादी लांबते. जगभरातील पाहण्यांत या आजाराचे प्रमाण ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत काहीही आढळते. कोणत्या लक्षणाला आजार म्हणायचे यावर हा आकडा ठरतो, त्यामुळे जाहिरातीत ‘दर दोघांतील एकाला’ असे वाचले तर थोडे सावध व्हावे.

वनस्पतींकडे वळण्याचे कारण काय?

कारण दाहावरची सध्याची औषधे मोजकी, महाग आणि संथ आहेत. सायक्लोस्पोरिनच्या ०.०५ टक्के थेंबांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर दाहावर वेगळ्या मार्गाने काम करणारे लिफिटेग्रास्ट येईपर्यंत २०१६ उजाडले. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला काही महिने लागतात आणि थेंब घातल्यावर डोळ्यांची आग होते, म्हणून बरेच रुग्ण ते मध्येच सोडतात. स्टेरॉइडचे थेंब झटपट आराम देतात. पण ते लांबवले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो.

दुसरीकडे, वनस्पतींतील पॉलिफेनॉल गटातील अनेक द्रव्ये दाह आणि ऑक्सिडेशनचा ताण कमी करतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसते. हळदीतील करक्युमिन, ग्रीन टीमधील ईजीसीजी, जांभळ्या फळांतील अँथोसायनिन ही त्यांतली ठळक नावे. शिवाय नेत्रवैद्यकाचा इतिहासही वनस्पतींच्या बाजूने बोलतो. बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिन बेलाडोना कुळातील झाडांतून आले, काचबिंदूवरचे पायलोकार्पिन ब्राझीलमधील जाबोरांडी या झुडपाच्या पानांतून.

मग हळदीचे थेंब अजून बाजारात का नाहीत?

करक्युमिनचे उदाहरण यासाठी बोलके आहे. माणसाच्या कॉर्नियाच्या पेशी खारट द्रावात ठेवल्या की त्या दाह वाढवणारे इंटरल्युकिन-१ बीटा नावाचे प्रथिन जास्त बनवतात. त्याआधी करक्युमिन दिले तर ही वाढ रोखली जाते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. ऐकायला उत्तम. पण हा प्रयोग प्लास्टिकच्या बशीतील पेशींवरचा. तिथे औषध पेशींच्या अंगावर तासन् तास राहते. खऱ्या डोळ्यात टाकलेला थेंब काही मिनिटांत नाकाकडे जाणाऱ्या नळीतून वाहून जातो. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, प्रकाशात टिकत नाही, आणि रंगाचे तर सांगायलाच नको. पोटातून घ्यावे तर रक्तात फारच कमी पोहोचते. सूक्ष्म कणांत बांधून ते डोळ्यात टिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते बहुतांशी प्राण्यांपर्यंतच आले आहेत.

बहुतेक वनस्पती-अर्क याच टप्प्यावर अडकतात. ‘अमुक वनस्पतीने कोरडे डोळे बरे होतात’ अशी बातमी वाचली तर पहिला प्रश्न हाच विचारावा, की कुणाचे डोळे? पेशींचे, उंदराचे, की माणसाचे?

माणसांवर चाचण्या झालेल्या वनस्पती कोणत्या?

काही आहेत आणि त्यांचे निकाल अगदीच टाकाऊ नाहीत. फिनलंडमधील संशोधकांनी २०१० मध्ये सी बकथॉर्नच्या तेलाची चाचणी प्रसिद्ध केली. २० ते ७५ वयोगटातील १०० जणांना रोज २ ग्रॅम तेल किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल तीन महिने देण्यात आली. काळ मुद्दाम शरद ते हिवाळा असा निवडलेला. थंडी वाढली तसा दोन्ही गटांतील लोकांच्या अश्रूंचा खारटपणा वाढला, पण तेल घेणाऱ्यांत तो कमी वाढला. लाली आणि जळजळ यांची तीव्रताही त्यांच्यात कमी राहण्याकडे कल होता. हीच काटेरी झुडपे आपल्या लडाखमध्ये नदीकाठी माजतात आणि ‘लेह बेरी’ या नावाने त्यांच्या फळांचा रस डीआरडीओच्या लेह येथील प्रयोगशाळेमुळे देशभर माहीत झाला. मात्र चाचणी झाली ती तेलाची. रसाची बाटली आणून तोच गुण येईल, असे मानायला आधार नाही.

चिलीतील मापुचे आदिवासी पूर्वापार खात आलेल्या माकी या फळाच्या अर्कावर जपानी संशोधकांनी काम केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७४ जणांना चार आठवडे रोज ६० मिलिग्रॅम अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली आणि अर्क घेणाऱ्यांच्या डोळ्यांचा कोरडेपणा व थकवा कमी झाल्याचे नोंदवले गेले. इराणमधील शिराझ येथे ६० रुग्णांवर ग्रीन टीच्या अर्काचे थेंब वापरून पाहिले गेले. कृत्रिम अश्रूंशी तुलना करता अश्रूंचा थर टिकण्याचा काळ आणि तेलग्रंथींची स्थिती सुधारली.

जवसाचे तेल आपल्याकडे चटणीच्या रूपाने घरोघरी असते. त्याची चाचणी ब्राझीलमध्ये झाली. स्योग्रेन आजार असलेल्या ३८ स्त्रियांना १८० दिवस रोज एक-दोन ग्रॅम जवस तेलाच्या किंवा निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आल्या आणि तेल घेणाऱ्या गटांत डोळ्यांचा दाह कमी झाल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले.

हे आकडे नीट पाहावेत. १००, ७४, ६०, ३८. कालावधी चार आठवडे ते सहा महिने. एखाद्या गोष्टीत तथ्य असू शकते, पुढे मोठी चाचणी करावी, एवढेच सांगण्याइतके हे पुरावे आहेत. त्यांवरून महिन्याचा खर्च ठरवण्याइतके नाहीत.

मोठी चाचणी केली तर काय होते?

याचे उत्तर ‘ड्रीम’ या चाचणीने दिले आणि ते अनेकांना पचले नाही. माशांच्या तेलातील ओमेगा-३ कोरड्या डोळ्यांना उपयोगी पडते, असे लहान-लहान चाचण्यांतून वर्षानुवर्षे दिसत होते. डॉक्टरही सर्रास लिहून देत. अखेर अमेरिकेतील २७ केंद्रांवर ५३५ रुग्णांची एक वर्षाची चाचणी झाली. ३४९ जणांना रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३, तर १८६ जणांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमधून ऑलिव्हचे तेल. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. शून्य ते १०० अशा लक्षणांच्या मोजपट्टीवर ओमेगा-३ गटाचा त्रास सरासरी १३.९ गुणांनी घटला. ऑलिव्ह तेलाच्या गटाचा १२.५ गुणांनी. म्हणजे दोघांनाही बरे वाटले, दोघांतील फरक मात्र संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य.

मग ऑलिव्हचे तेलच औषध होते का? तशी शंका काहींनी काढली. ऑलिव्ह तेलात दाहविरोधी घटक असतात हे खरे. पण चाचणीतील मात्रा रोज जेमतेम चमचाभर होती आणि तेवढ्याने एवढा फरक पडावा हे पटण्यासारखे नाही, असे उत्तर संशोधकांनी दिले. खरे कारण या आजाराच्या स्वभावातच आहे. कोरड्या डोळ्यांचा त्रास ऋतूप्रमाणे, कामाप्रमाणे, झोपेप्रमाणे वर-खाली होत राहतो. माणूस चाचणीत दाखल होतो तो त्रास सर्वाधिक असताना. त्यानंतर तो काही न करताही थोडा उतरतोच. शिवाय कुणीतरी नियमित तपासते आहे म्हटल्यावर पापण्या शेकणे, औषध वेळेवर घालणे हेही सुधारते. थेंबांच्या चाचण्यांत तर आणखी एक गोम असते. ‘निष्क्रिय’ थेंबही डोळा ओला करतोच! त्यामुळे औषध आणि नुसता द्रव यांतील फरक दाखवणे भल्याभल्या कंपन्यांना जमलेले नाही. तुलनेचा गट नसलेल्या चाचणीत ‘८० टक्के रुग्णांना आराम’ असे लिहिलेले आढळले, तर ते कोणत्याही द्रव्याबद्दल लिहिता येईल हे लक्षात ठेवावे.

मग वनस्पतींनी काहीच दिले नाही का?

दिले आहे, पण ते आपल्याला दिसत नाही, कारण ते ‘हर्बल’ म्हणून विकले जात नाही. घरात कृत्रिम अश्रूंची बाटली असेल तर तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायप्रोमेलोज असे लिहिलेले असेल, तर तो मूळचा लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंतील सेल्युलोज आहे, रासायनिक प्रक्रिया करून पाण्यात विरघळण्याजोगा केलेला. ‘हायड्रॉक्सिप्रोपिल ग्वार’ असे असेल, तर ती आपली गवार.

गवारीच्या दाण्यातून डिंक निघतो. जगातील बहुतांश गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. आइस्क्रीमपासून तेलविहिरींपर्यंत हा डिंक लागतो. अमेरिकेत खडक फोडून वायू काढण्याची लाट आली तेव्हा, २०१२ च्या सुमारास, गवारीचे भाव असे काही भडकले की राजस्थानातील शेतकरी अजून त्या हंगामाच्या आठवणी काढतात. नेत्रऔषधात या डिंकाची करामत वेगळीच आहे. बाटलीत तो बोरेटसोबत पातळ द्रवाच्या रूपात असतो. डोळ्यातील अश्रूंची आम्लता किंचित वेगळी असल्याने तिथे गेल्यावर त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि हलका जेल तयार होतो. म्हणून थेंब सहज पडतो आणि पडल्यावर टिकतो. अर्थात, गवारीची भाजी खाऊन यातले काहीही होत नाही.

त्याहून रोचक गोष्ट चिंचोक्याची. घोंगडी विणणाऱ्या सणगरांना चिंचोका सांगायला नको. भाजून, भरडून, शिजवून केलेली चिंचोक्याची खळ घोंगडीला दिली की ती ताठ आणि टिकाऊ होते. खळीतला हा चिकटपणा ज्या बहुशर्करेमुळे येतो, तिचे नाव झायलोग्लुकन. ग्लुकोजची लांब साखळी आणि तिला झायलोज व गॅलॅक्टोजच्या फांद्या. योगायोग असा, की डोळ्याच्या पृष्ठभागावरील म्युसिनची ठेवणही अशीच फांद्याफांद्यांची असते. त्यामुळे शुद्ध केलेले हे द्रव्य डोळ्यात घातले की ते पृष्ठभागाला म्युसिनसारखे चिकटून राहते आणि पाणी धरून ठेवते.

इटलीतील संशोधकांनी याचे थेंब करून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० रुग्णांना ९० दिवस चिंचोक्याच्या बहुशर्करेचे ०.५ टक्के किंवा १ टक्का थेंब, तर तुलनेसाठी ०.२ टक्के हायलुरोनिक आम्लाचे थेंब दिले गेले. अश्रूंचा थर टिकणे, पृष्ठभागावरील जखमा अशा मोजमापांत चिंचोका हायलुरोनिक आम्लाच्या बरोबरीने उतरला. काही लक्षणांत १ टक्क्याचे थेंब सरस ठरले. ही चाचणीसुद्धा लहानच. पण येथे तुलना निष्क्रिय गोळीशी नसून मान्यता पावलेल्या उपचाराशी होती, आणि त्या द्रव्याचे काम भौतिक स्वरूपाचे असल्याने ते का लागू पडते हेही समजते. पुढे हायलुरोनिक आम्ल आणि चिंचोक्याचे द्रव्य एकत्र असलेले थेंब युरोपात विक्रीला आले. आपण चिंचोके मुलांना खेळायला देतो, तिकडे त्यांचे डोळ्यांचे औषध होते.

यातला कोणता थेंब श्रेष्ठ? कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या कृत्रिम अश्रूंवरील ४३ चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा बहुतेक प्रकार जवळपास सारखेच उपयोगी असल्याचे दिसले. महाग बाटली म्हणजे अधिक गुणकारी असा हिशेब तिथे लागला नाही.

एरंडेल डोळ्यात घालावे का?

घरातल्या बाटलीतील मुळीच नाही. आजीच्या औषधांतील एरंडेलाला आधुनिक नेत्रऔषधांत मात्र मानाचे स्थान आहे. वर उल्लेख केलेल्या सायक्लोस्पोरिनच्या पहिल्या थेंबांत औषध विरघळवायला एरंडेलाचेच सूक्ष्म थेंब वापरले होते. अश्रूंवर तेलाचा तवंग कमी असलेल्यांना एरंडेलयुक्त इमल्शनने आराम पडतो, असे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे २०२१ मध्ये पापण्यांच्या कडांना सूज असलेल्या २६ रुग्णांच्या एकाच डोळ्याच्या पापण्यांना चार आठवडे दिवसातून दोनदा एरंडेल लावले आणि दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवला. तेल लावलेल्या बाजूची सूज व लक्षणे कमी झाली. ही रचना साधी पण हुशार आहे, कारण ऋतू, झोप, मोबाइल हे दोन्ही डोळ्यांना सारखेच असतात. लक्षात घ्यायचे ते हे, की तेल पापणीच्या बाहेरून लावले होते.

टी ट्री ऑइलची कथा उलट दिशेने गेली. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे अतिसूक्ष्म किडे या तेलाने मरतात, म्हणून पापण्या पुसण्याच्या औषधी पट्ट्यांत त्याचा वापर वाढला. नंतर असे दिसले, की त्यातील टर्पिनेन-४-ऑल हा मुख्य घटक तेलग्रंथींच्या पेशींनाच प्रयोगशाळेत इजा करतो. म्हणजे किडे मारायचे आणि ग्रंथीही. शुद्ध टी ट्री ऑइल डोळ्यात गेले तर भयंकर दाह होतो. डेमोडेक्ससाठी २०२३ मध्ये अमेरिकेत लोटिलानर हे थेंब मान्य झाले, ते वनस्पतिजन्य नाहीत.

आयुर्वेद काय सांगतो?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यातील ‘शुष्काक्षिपाक’ या रोगाचे वर्णन आजच्या कोरड्या डोळ्यांशी बरेच जुळते. त्यावर तर्पण सांगितले जाते. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ करून त्यात औषधी तूप ठरावीक वेळ धरून ठेवायचे. तेलाचा तवंग कमी असलेल्या डोळ्याला स्निग्ध पदार्थाने तात्पुरता आराम पडावा, हे तर्काला धरून आहे. यावरचे अभ्यास आयुर्वेद महाविद्यालयांतून होत असतात. अडचण अशी, की तूप डोळ्यात आहे की दुसरे काही हे रुग्णापासून लपवता येत नाही, रुग्णसंख्या लहान असते आणि पाठपुरावा काही आठवड्यांचाच.

कायद्याची बाजूही माहीत असावी. प्रमाणित ग्रंथांतील कल्पांना आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना देताना आधुनिक औषधांप्रमाणे परिणामकारकतेच्या चाचण्या मागितल्या जात नाहीत. त्यामुळे बाटलीवर परवाना क्रमांक असणे म्हणजे कोरड्या डोळ्यांवर ते सिद्ध झाले, असे नव्हे.

वनस्पतींपासून नवे औषध येण्याची शक्यता आहे का?

एक येऊनही गेले. फक्त ते ओळखू येत नाही. युरोपातील लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडातील सायटिसिन हे विषारी द्रव्य निकोटिनसारखे वागते. धूम्रपान सोडवण्यासाठी पूर्व युरोपात ते दशकानुदशके वापरात होते. त्याच्या रचनेवरून बेतलेले व्हॅरेनिक्लिन हे औषध आधी गोळी म्हणून आले आणि २०२१ मध्ये अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठी नाकात मारायचा फवारा म्हणून मान्य झाले. नाकातील मज्जातंतू चेतवला की डोळ्यातील ग्रंथी स्वतःचे अश्रू सोडतात. मिरची फोडणीला टाकल्यावर डोळ्यांत पाणी येते, त्याच वाटेने. फक्त ठसका न लागता. (आपला बहावा ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणून ओळखला जातो, पण त्याचा या लॅबर्नमशी आणि सायटिसिनशी संबंध नाही. शेंगा गोळा करायला कुणी निघू नये.)

पायलोकार्पिनही असेच. स्योग्रेनच्या रुग्णांना तोंड कोरडे पडते म्हणून त्याच्या गोळ्या देतात आणि काहींच्या डोळ्यांनाही त्याने ओलावा येतो. घाम मात्र भरपूर सुटतो. या दोन्ही उदाहरणांत झाडाचा काढा औषध झालेला नाही. त्यातील एक रेणू वेगळा काढला गेला, गरज पडली तिथे बदलला गेला, त्याची मात्रा ठरली आणि मग तो चाचण्यांतून गेला. अर्कांची हीच मोठी अडचण असते. जमीन, हंगाम, वाळवण्याची पद्धत बदलली की त्यातील घटकांचे प्रमाण बदलते. एका कंपनीच्या अर्कावरील चाचणी दुसरीच्या अर्काला लागू पडत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’

डोळ्याच्या बाबतीत हे वाक्य फार महागात पडते. पोटात आम्ल असते, त्वचेला जाड कवच असते. कॉर्नियाला यातले काहीच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांमधून स्युडोमोनास या औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूची साथ पसरली. १८ राज्यांतील ८१ जण बाधित झाले, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा मृत्यू झाला. ते थेंब चेन्नईजवळच्या कारखान्यात बनले होते. हे वनस्पतीचे औषध नव्हते, साधे कृत्रिम अश्रू होते. कारखान्यात बनलेल्या थेंबांची ही गत, तर कुंडीतल्या कोरफडीचा गर, मध, गुलाबपाणी किंवा पाल्याचा रस डोळ्यात पिळण्याबद्दल काय बोलावे? ग्रामीण भागात बुबुळावर फूल पडलेल्या कित्येक रुग्णांच्या कहाणीत असा एखादा घरगुती उपाय असतोच. कोरड्या डोळ्यात हा धोका अधिक, कारण त्याचा पृष्ठभाग आधीच सोललेला असतो.

पोटातून घ्यायचे अर्कही सरसकट निरुपद्रवी नाहीत. जास्त मात्रेतील ग्रीन टी अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी करक्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

मग रुग्णाने करायचे काय?

आधी प्रकार ओळखून घ्यावा. नेत्रतज्ज्ञ पिवळा रंग घालून थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर. शर्मर चाचणीत पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत किती भिजते ते मोजतात. पाच मिलिमीटरहून कमी भिजली तर पाणीच कमी आहे. तेल कमी असलेल्यांना कोमट फडक्याने रोज दहा मिनिटे पापण्या शेकणे आणि कडा हलक्या हाताने चोळून स्वच्छ करणे यांचा जेवढा फायदा होतो, तेवढा कोणत्याही कॅप्सूलचा झालेला सिद्ध नाही. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षकविरहित थेंब मागावेत. बाटली उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्यावी, आत औषध उरले असले तरी. लाली घालवणारे किंवा स्टेरॉइड असलेले थेंब औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नयेत.

जवसाची चटणी, सी बकथॉर्न, हिरवा चहा हे आहार म्हणून घ्यायला हरकत नाही. मात्र डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल, घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर अर्कांचे प्रयोग करत महिने घालवू नयेत. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक स्योग्रेन यांनी १९३३ मध्ये ज्या स्त्रियांचे वर्णन केले, त्यांची तक्रारही डोळे आणि तोंड कोरडे पडण्याचीच होती. आजार होता शरीराच्या प्रतिकारशक्तीचा. त्याचे निदान रक्ततपासणीने सुरू होते आणि त्यासाठी नेत्रतज्ज्ञांबरोबर संधिवाततज्ज्ञांकडेही जावे लागते.